क्लाँग सॅनसॅपच्या बोटीने 11 महिने: बँकॉकमधल्या रोजच्या प्रवासाचा अनुभव

बँकॉकला येऊन मला आता 11 महिने झाले आणि त्यातले पहिले तीन आठवडे सोडले तर ऑफिसला जायला-यायला मी क्लाँग सॅनसॅप या कालव्यातली बोटच वापरतेय. हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे इथे नवीन येणाऱ्या आपल्या लोकांना जो तो एकच सांगतो, सुखुमवित भागात बीटीएस, म्हणजे उन्नत मार्गावरच्या शहरी रेल्वेच्या स्टेशनजवळ घर घ्या. मलाही घर दाखवणाऱ्या एजंटने तेच सांगितलं, बोटीचं विचारलं तर म्हणाला ती तुमच्यासाठी नाही, पाणी घाण असतं. पाणी घाण असतं हे खरंय. बाकीचं मला अजिबात पटलेलं नाही.

माझं घर रामखामहेंगच्या बाजूला, धक्का चालत आठ मिनिटांवर आणि ऑफिस चितलोमला. सकाळी टॅक्सीने हेच अंतर तास-सव्वा तास खातं, पाऊस असेल तर विचारूच नका. बोटीने 25 मिनिटं. तिकीट अंतराप्रमाणे, मला साधारण वीसेक बाथ पडतात. कालवा जुना आहे, 1837 ते 1840 मध्ये राजा राम तिसरा याच्या काळात खणलेला, तेव्हा कंबोडियाच्या ताब्यावरून व्हिएतनामशी लढाई चालू होती आणि तिकडे सैन्य, रसद न्यायची होती म्हणून. रोजच्या प्रवासाची ही बोटसेवा मात्र 1990 पासूनची.

चढायचं कसं ते नीट सांगते, कारण पहिल्या दिवशी मला कोणीच सांगितलं नव्हतं. बोट धक्क्याला लागते ती जेमतेम पाच-दहा सेकंद, माणूस दोर अडकवतो, इंजिन चालूच असतं, तुम्ही वरचा दोर घट्ट धरायचा, एक पाय बोटीच्या काठावर, दुसरा लगेच आत, आणि मध्ये थांबून विचार करायचा नाही. दोन्ही बाजूंना निळं प्लास्टिक असतं, समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी खेचून ते वर करायचं म्हणजे पाणी आत उडत नाही. मी पहिल्यांदा कडेला बसले तेव्हा मला हे माहीतच नव्हतं, मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या खांद्यावरून हात पुढे घालून दोरी खेचली, मग माझा हात धरून त्या दोरीवर ठेवला आणि मान हलवली, आता तू कर. तेव्हापासून मी त्यांना पा म्हणते, म्हणजे मावशी. इथे अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात, मोठा असेल तर पी, लहान असेल तर नाँग, आपल्या दादा-ताईसारखंच. हे एकदा तोंडात बसलं ना की धक्क्यावर तुम्ही परके राहत नाही.

आणि इथला नेहमीचा प्रश्न, किन खाव रू यांग? जेवलीस का! धक्क्याजवळ खनोम क्रोक विकणारी बाई मला रोज हेच विचारते. खनोम क्रोक म्हणजे तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, बीडाच्या आप्पेपात्रात केलेलं, वरून कांद्याची पात किंवा मका, दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर ठेवून देतात. पहिल्यांदा तो तवा बघितला तेव्हा तिथेच पाच मिनिटं उभी राहिले, आईच्या आप्पेपात्राची आठवण येऊन. शाकाहारी असाल तर "जे" हा शब्द पाठ करा, पिवळ्यावर लाल अक्षरात लिहिलेला दिसतो, त्यात कांदा-लसूणही नसतो. नुसतं मांस नको म्हटलं तर नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, हमखास पडतोच.

शनिवारी मी प्रातूनामला बोट बदलून पुढे जाते. या टप्प्यात पूल इतके बुटके आहेत की बोटीचं छप्पर खाली घेतात आणि सगळे माना वाकवतात. कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं देतात, डोक्याला हेल्मेट. वाटेत बान क्रुआ लागतं, ही चाम मुसलमानांची जुनी वस्ती, रेशीम विणणाऱ्यांची. पलीकडच्या काठावर थाई रेशीम जगभर नेणाऱ्या जिम थॉम्पसन या अमेरिकन माणसाचं घर आहे, ते बघायला गर्दी असते, पण त्याचं रेशीम विणलं ते या काठावरच्या घरांमध्ये. इकडच्या गल्ल्यांतून एकदा चालत जा, माझं ऐका. काठाकाठाने घोरपडीसुद्धा पोहताना दिसतात, चांगल्या हातभर-दोन हात लांब. त्यांचं थाई नाव ही शिवी आहे म्हणून पा त्यांना तुआ ङन तुआ थाँग म्हणतात, सोन्याचांदीचा जीव.

आता त्रास. वास येतो, उन्हाळ्यात जास्त. इंजिनाचा आवाज एवढा की फोनवर बोलणं अशक्य. संध्याकाळी साडेसात-आठनंतर बोटीच्या भरवशावर राहू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी चढलं की पुलाखालून बोट जात नाही, माझे चार दिवस असे गेले, तेव्हा नारिंगी जॅकेटवाल्या मोटरसायकल टॅक्सीने गेले. 2016 च्या मार्चमध्ये वाट थेप लीला धक्क्यावर गॅसवर चालणाऱ्या बोटीत स्फोट होऊन बरेच लोक जखमी झाले होते, हे मला इथे आल्यावर कळलं, तेव्हापासून इंजिनाजवळ बसत नाही. लहान मूल किंवा गुडघेदुखी असलेलं कोणी बरोबर असेल तर सरळ बीटीएस किंवा एमआरटी, म्हणजे मेट्रो घ्या, ती उडी त्यांना जमणार नाही.

पण सुखुमवितला राहणारे माझ्या ऑफिसातले दोघे चार-चार वर्षं इथे आहेत आणि त्यांना थाईत दहापर्यंत आकडे येत नाहीत, मला ते तिकीट काढता काढता आले. साम, सी, हा, आपल्या तीन-चार-पाचसारखे लगेच बसतात जिभेवर.

पुढच्या महिन्यात भाडेकरार संपतोय. एजंटने परत बीटीएसजवळचे तीन फ्लॅट पाठवलेत. पांनी त्यांच्याच गल्लीतली एक खोली सांगितलीय, धक्क्यापासून दोन मिनिटांवर, रविवारी बघायला जाणार आहे.