ऑडी टीटीला बाहेरचे मॅगव्हील : अकरा महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः एका कडीबद्दल

गेल्या आठवड्यात खारच्या पंक्चरवाल्याकडे पाचही बोल्ट काढून झाले, तरी पुढचं डावं चाक जागचं हललं नाही. पोऱ्याने लाथा घातल्या, मग रबरी हातोडा आणला, मग बाहेर पाऊस वाढला. त्या पाऊण तासात ठरवलं, की हे प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढायचं. बाहेरचे (म्हणजे गाडीच्या कंपनीचे नसलेले) मॅगव्हील बसवताना रंग, डिझाइन, इंच यांवर लोक महिनोन्‌महिने खल करतात आणि ज्या गोष्टीने मला छळलं, त्या चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) यांच्यामधल्या कडीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

गाडी दुसऱ्या पिढीची टीटी, सेकंडहँड घेतलेली. गेल्या जुलैत पश्चिम द्रुतगती महामार्गावर पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. दणका असा बसला की टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, फुगा आला आणि रिमच्या आतल्या कडेला बोटभर चीर गेली. शोरूमने एका चाकाची जी किंमत सांगितली, तेवढ्यात बाहेरचे चार नवे येत होते. कुर्ल्यात सीएसटी रोडला दोघांनी वेल्डिंग करून देतो म्हटलं. ते मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. मॅगव्हीलच्या अ‍ॅल्युमिनियमला ताकद उष्णता-प्रक्रियेने दिलेली असते. वेल्डिंगच्या आचेने नेमकी चिरेच्या आजूबाजूची जागा मऊ पडते, आणि पुढचा खड्डा काही त्या जागेला वगळून जात नाही.

आता निवड. दुकानात सगळे १९ इंचाच्या मागे होते. गणित केलं. मूळ टायर २४५/४० आर १८ (रुंदी २४५ मिलिमीटर, गाल तिच्या ४० टक्के, रिम १८ इंच), म्हणजे गालाची उंची ९८ मिलिमीटर. १९ वर २४५/३५ घेतला तर बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, स्पीडोमीटर बिघडत नाही, पण गाल ८६ वर येतो. ९८ मिलिमीटर असताना माझं रिम चिरलं होतं. दिसायला १९ देखणेच, वाद नाही. पण मी पार्ल्यात राहतो, आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत, मी १८वरच थांबलो.

ऑफसेटचंही (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती बाहेरच्या बाजूला आहे, ते माप) तसंच घरी बसून मांडलं. मूळ चाक ९ जे (रुंदी ९ इंच), ईटी ५२ (ऑफसेट ५२ मिलिमीटर). मला आवडलेलं ८.५ जे, ईटी ४५. अर्धा इंच रुंदी कमी म्हणजे प्रत्येक बाजूला ६.३५ मिलिमीटर कमी. ऑफसेट ७ ने कमी म्हणजे चाक तेवढं बाहेर. हिशेब केला तर बाहेरची कड जेमतेम पाऊण मिलिमीटर पुढे येते आणि आतल्या बाजूला तेरा मिलिमीटर जास्तीची मोकळीक मिळते. फेंडरला घासायचा प्रश्नच नाही. चाकाच्या मागे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएचे (चाकांच्या जपानी चाचणी-मानकांचे) ठसे होते, प्रत्येक चाकाला ६९० किलोचा भार लिहिलेला होता. रद्दीवाल्याच्या काट्यावर जुनं-नवं तोलून पाहिलं, नवं किलोभराने हलकं निघालं. एवढं सगळं पाहिलं, आणि मधल्या भोकाचा आकडा वाचूनही त्यावर थांबलो नाही : ७३.१ मिलिमीटर.

टीटीच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर. बाहेरचे चाकवाले एकच साचा दहा गाड्यांना चालावा म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात आणि फरक भरायला कडी देतात, बाहेरून ७३.१, आतून ५७.१. ही कडी गाडीचं वजन पेलत नाही, ते काम बोल्टच्या दाबाचं. बोल्ट आवळले जाईपर्यंत चाक हबच्या बरोबर मध्यावर धरून ठेवणं, एवढंच तिचं काम.

ऑगस्टात चाकं बसली. पार्ल्याहून वांद्र्यापर्यंत काही कळलं नाही. त्या रस्त्यावर कळणारही नाही, गाडी तशीही हादरतच असते. सी लिंकला लागलो आणि सत्तरच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. ऐंशीला ती थरथर मनगटापर्यंत यायची. कोस्टल रोडच्या बोगद्यात, जिथे रस्ता तुळतुळीत, तिथे तर शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं, "हे नवीन चाकांमुळे आहे का?"

दुकानात परत. बॅलन्सिंग केलं, मशीनवर शून्य-शून्य आलं. तीन दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा शून्य-शून्य. मग अलाइनमेंट, तीन वेळा, प्रत्येक वेळी पैसे मोजून. "साहेब, मशीन खोटं बोलत नाही, रस्ताच खराब आहे," असं मला सांगण्यात आलं. सी लिंकचा रस्ता खराब! या वाक्याचा राग मला आजही आहे. सहा आठवडे मी टायरला दोष देत होतो आणि टायरचा काडीचा दोष नव्हता.

शेवटी आमच्या पार्ल्यातल्या मेकॅनिक काकांकडे गेलो. ते फियाट-अँबॅसिडरच्या काळापासूनचे. गाडी ऐकून घेतली नाही, चालवून पाहिली नाही, सरळ जॅक लावला आणि चाक उतरवलं. हबवर कडीच नव्हती. दुसरं उतरवलं, तिथेही नाही. मागच्या दोन चाकांत होत्या, त्यातली एक तडकलेली. म्हणजे दुकानदाराने दोन कड्या लावल्या आणि दोन तशाच सोडल्या. बिलात तर कडीचा उल्लेखही नाही.

मशीनवर शून्य का येत होतं, तेही काकांनीच समजावलं. बॅलन्सिंगचं मशीन चाकाला त्याच्याच मधल्या भोकात कोन घालून धरतं. तिथे चाक मध्यावरच फिरतं. गाडीवर ते मध्यावर नाही. घरी येऊन हिशेब मांडला : टायरसकट चाक २२ किलो धरा, ते अर्धाच मिलिमीटर सरकून बसलं, तरी रिमच्या कडेला ४५-५० ग्रॅम शिसं एका बाजूला चिकटवल्यासारखं होतं. बॅलन्सिंग करताना पाच-दहा ग्रॅमसाठी आपण भांडतो!

पण काकांनी त्याहून वाईट गोष्ट दाखवली. बोल्टची भोकं टॉर्चने बघ म्हणाले. ऑडीचे मूळ बोल्ट गोल बुडाचे असतात, अर्ध्या लिंबासारखे. माझ्या नव्या चाकांची भोकं निमुळती, ६० अंशांच्या कोनाची. दुकानाने जुनेच बोल्ट ठोकून दिले होते. गोल बूड निमुळत्या भोकात पूर्ण टेकत नाही, नुसती एक रेघ टेकते. ती रेघ मला स्पष्ट दिसली. पाचही भोकांत केसाएवढं चकचकीत वर्तुळ, बाकी रंग जसाच्या तसा. दुसऱ्या बाजूच्या चाकाचे बोल्ट उतरवण्याआधी टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासले, तर दोन सैल होते. हीच गाडी घेऊन मी आईला लोणावळ्याला नेऊन आणलं होतं. हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

निमुळते बोल्ट, एम १४ बाय १.५ (१४ मिलिमीटर जाड, आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), ऑपेरा हाऊसला मिळाले. लांबी बघून घ्या. जुन्या चाकात बोल्ट किती फेरे जातो ते मोजलं, नव्यातही तेवढेच जातात याची खात्री केली आणि मगच १२० न्यूटन-मीटरवर आवळले. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. कड्यांसाठी मी हट्टाला पेटलो होतो, म्हटलं प्लास्टिक नकोच. अंधेरीत एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या चार करून घेतल्या. टर्नर दर दोन फेऱ्यांनी मशीन थांबवायचा, भुसा फुंकायचा, व्हर्नियर लावायचा. चौथी कडी हबवर सरकवली तेव्हा हवा दाबली गेल्यासारखा हलका 'फस्स' आवाज आला आणि ती तिथेच बसली. त्या संध्याकाळी सी लिंकवर ऐंशीला स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवली होती. काहीही नाही. ढिम्म. इतकं बरं मला गाडी घेतली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

हा लेख ऑक्टोबरात लिहिला असता तर 'धातूचीच कडी घ्या' असं ठासून सांगितलं असतं. आता मत बदललंय. मुंबईची खारी हवा, त्यात जूनपासूनचं पाणी, आणि लोखंडी हबला चिकटून अ‍ॅल्युमिनियम. दोन वेगळे धातू ओले राहिले की मधे पांढरी बुकटी धरते आणि कडी जाम होते. खारला तेच झालं होतं. काकांना फोन केला. ते म्हणाले, बोल्ट दोन-दोन फेरे परत लाव, जॅक खाली घे, गाडी हातभर पुढे-मागे ढकल. तिसऱ्या धक्क्याला 'टक्' झालं आणि चाक सुटलं. कडी मात्र हबवरच राहिली. ती छिन्नीने काढताना चेपली.

आता पॉलिकार्बोनेटच्या (एका कडक प्लास्टिकच्या) चार मागवल्या आहेत, त्याच मापाच्या. ट्रॅकवर ब्रेक तापवणाऱ्यांसाठी धातूच बरा, कारण तिथे प्लास्टिक वितळतं. पार्ले ते नरिमन पॉइंट एवढ्या धावपळीला ही कडी पुरते, पावसात चिकटत नाही आणि लेथच्या खर्चाच्या चौथाईत येते. शिवाय हबच्या तोंडाला कॉपर ग्रीसचा पातळ हात. बोल्टच्या आट्यांना नाही, तिथे ग्रीस लागलं की १२० चा आकडा खरा राहत नाही.

बाकी चाकांबद्दल थोडक्यात : साडेसात हजार किलोमीटर झाले, दोन जबर खड्डे बसले, एकही वाकलं नाही. काळा रंग ब्रेकची धूळ लपवतो. आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात चिखल अडकतो, तो दात घासायच्या ब्रशनेच निघतो. विमा कंपनीला कळवलं आहे, पावती जोडून.

कंपनीची तीन धड चाकं बाल्कनीत आहेत. आई म्हणते विकून टाक, जागा अडते. मी विकणार नाही. त्यांचे गोल बुडाचे वीस बोल्ट एका डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली आहे : 'नव्या चाकांना लावू नयेत.'