गिम्प ३.० मध्ये मराठी अक्षरांचे इफेक्ट: बरेच महिने वापरल्यावर

डिजिटल आर्ट शिकायला लागलं की सोनेरी अक्षरं, निऑन, दगडात कोरलेलं नाव हे सगळं करून बघायचा मोह होतोच. मला तो अजून सुटलेला नाही. गिम्प हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर निवडलं ते मोफत आहे म्हणून. पुढे टिकले ते वेगळ्या कारणाने. यात एका क्लिकवर चकचकीत अक्षर फारसं मिळत नाही, ते थर (लेयर) एकावर एक रचून उभं करावं लागतं, आणि त्या रचण्यातच प्रकाश कुठून येतो, सावली का पडते हे कळत जातं.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने बराच त्रास कमी केला. २०१८ च्या २.१० मध्ये मजकुरावर ब्लर (कडा धूसर करणारा फिल्टर) लावला की तो कायमचा. एखादी वेलांटी दुरुस्त करायची तरी पुन्हा पहिल्यापासून. आता फिल्टर थरावर वेगळा राहतो, हवा तेव्हा बंद करता येतो, त्याचे आकडे बदलता येतात आणि मजकूर मजकूरच राहतो. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही, कारण ब्लर आठ पिक्सेलचा केला तर काय आणि वीसचा केला तर काय हे तिथल्या तिथे बघता येतं. मोठ्या कॅनव्हासवर असे बरेच फिल्टर साठले की संगणक धापा टाकतो, एवढं लक्षात ठेवा.

निऑनचं उदाहरण घ्या. गडद पार्श्वभूमी, बारीक फॉन्ट, आणि अक्षराचा रंग जवळजवळ पांढरा. रंग अक्षरात नाही, त्याच्या मागच्या थरांत असतो. ‘अल्फा टू सिलेक्शन’ करून (म्हणजे थरावरचा पारदर्शक नसलेला भाग, इथे अक्षरं, निवडून) निवड थोडी वाढवायची, खालच्या थरावर रंग भरायचा, गॉशियन ब्लर द्यायचा. त्याच्याही खाली आणखी एक थर, ब्लर बराच मोठा, आणि थराचा मोड ‘स्क्रीन’, म्हणजे तो खालचे रंग उजळवतो. पुष्कळ जण अक्षरालाच गर्द गुलाबी करतात आणि मग ते दिवा न वाटता स्टिकर वाटतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. जवळपास सगळे धडे रोमन लिपी धरून बनवलेले असतात. तीच कृती देवनागरीवर केली की भलतंच काहीतरी होतं, आणि नवख्याला वाटतं आपलंच चुकतंय.

पहिली गोष्ट अक्षरांमधलं अंतर. रोमन शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून ते वाढवायला सांगतात. आपल्याकडे ते वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. त्यापेक्षा मुळातच रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा.

दुसरी, बाह्यरेषा. मजकुराचा पाथ (अक्षरांच्या कडांची रेषाकृती) करून त्यावर रेघ ओढली की शब्दाच्या आतही उभ्या रेघा उमटतात. फॉन्ट बिघडलेला नसतो. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून शेजारच्या अक्षरांचे आकार एकमेकांवर किंचित चढवलेले असतात, आणि पाथला प्रत्येक आकार सुटा दिसतो. उपाय सोपा आहे: पाथऐवजी अल्फावरून निवड करा, ती वाढवा आणि खालच्या थरात रंग भरा. निवड पिक्सेल बघते, त्यामुळे सांधे नाहीसे होतात. इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर मजकूर पाथमध्ये बदलून ‘युनियन’ द्या, म्हणजे सगळे आकार एक होतात.

तिसरी मला सगळ्यात उशिरा कळली, आणि ती सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही. क्रोम किंवा सोन्याच्या इफेक्टमध्ये ग्रेडियंटच्या (एका रंगातून दुसऱ्यात जाणाऱ्या छटांच्या) मध्यावर एक गडद पट्टा असतो, क्षितिजासारखा. रोमनच्या मोठ्या लिपीतली अक्षरं एकाच उंचीची, तिथे तो बरोबर मध्ये बसतो. मराठी शब्दात वर वेलांटी किंवा मात्रा आली, खाली उकार आला, की शब्दाची उंची बदलते आणि पट्टा सरकतो. कधी तो नेमका शिरोरेषेवर जातो आणि सगळी चकाकी मरते. मी ग्रेडियंट थराच्या कडांवरून न ओढता शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच ओढते. वरच्या मात्रांना वरचाच फिकट रंग मिळतो आणि ते छान दिसतं.

बेव्हलचं, म्हणजे अक्षराच्या कडा उठावदार करणाऱ्या इफेक्टचं, गणितही याच्याजवळचं. उजेड वरून दिला की शिरोरेषेची वरची कड सलग उजळते आणि शब्द जड वाटतो. कोन डावीकडे कलता ठेवला की उभे दंडही उजेडात येतात. ‘मोदक’सारखा जाडजूड फॉन्ट असेल तर बेव्हल उथळ ठेवा, नाहीतर आतल्या फटी बुजतात आणि ‘भ’ आणि ‘म’ ओळखू येत नाहीत. सरावाला मी ‘बलू’ आणि ‘मुक्त’ वापरते. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर मजकूर साधनाच्या पर्यायांत भाषा मराठी करून बघा. जुने युनिकोड नसलेले फॉन्ट मात्र टाळा. फॉन्ट बदलला की मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

चित्र काढायला गिम्पचे ब्रश चालतात, पण पेन टॅब्लेटवर खरी मजा क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. रंगकाम तिथे, अक्षरं इथे, अशी माझी विभागणी झाली आहे.

फाइल साठवायला ‘सेव्ह’ आणि चित्र बाहेर काढायला ‘एक्सपोर्ट’ हे वेगळे आहेत, यावर नवे लोक चिडतात. मला ते आवडतं, थर असलेली मूळ फाइल चुकून चपटी होत नाही. पारदर्शक पार्श्वभूमी हवी तर पीएनजी, जेपीईजीत ती राहत नाही. छपाईसाठी सुरुवातीलाच आकार नीट घ्या: ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) ए४ म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. गिम्प काम आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांतच करतं; सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईचे रंग, पडद्यावर अजमावता येतात (याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात) आणि काही फाइल प्रकारांत एक्सपोर्ट करताना वापरता येतात. निऑनचा तो झळझळीत निळा-गुलाबी कागदावर उतरत नाही, तेव्हा पोस्टर छापायचं असेल तर सोनेरीवर भागवा किंवा सॉफ्ट प्रूफ चालू ठेवूनच रंग निवडा.