कुर्ल्यातून जुनी सीट मोटर घेताना
जुन्या गाडीची पॉवर सीट (बटणाने, मोटरवर सरकणारी सीट) अडकली की सर्व्हिस सेंटरात सहसा अख्खी असेंब्ली बदलायला सांगतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या पार्ट्सच्या बाजारात, नुसती मोटर मिळू शकते आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पण आधी फ्यूज आणि सीटखालचा कनेक्टर बघा. पावसाचं पाणी कार्पेटमध्ये मुरलं की पिना हिरव्या पडतात. पिवळा कनेक्टर बहुधा एअरबॅगचा असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून 10 मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

मोटरला थेट 12 व्होल्ट द्या. फिरली तर दोष स्विचमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये. मोटर फिरते पण सीट हलत नाही, म्हणजे नायलॉनचा गिअर झिजलाय किंवा मोटरपासून दोन्ही बाजूंच्या रुळांकडे जाणारा शाफ्ट निसटलाय. एकाच बाजूचा निसटला तर सीट तिरकी होऊन रुळात फसते; तरीही बटण दाबत राहिलात तर चांगली मोटरही जळेल.

दुकानात मोटर दोन्ही दिशांना फिरवून घ्या. मोकळी तर कुठलीही फिरते, म्हणून मोटरचा शाफ्ट पकडीत धरून जोर बघा. पार्ट नंबर जुळवा. बसवताना रुळातलं वाळकं ग्रीस खरवडून पांढरं लिथियम ग्रीस लावा.