चाइल्ड ऑफ लाइट : मोठ्या घरची छोटी परीकथा

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टचे नाव घेतले की अफाट नकाशे, शेकडो जणांचे चमू आणि ठरावीक काळाने नवा क्रमांक लावून येणारे तेच ते खेळ डोळ्यांसमोर येतात. या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईतही आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या गेमिंगवेड्यांना तिची कामाची पद्धत चांगलीच ठाऊक आहे. याच कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने ३० एप्रिल २०१४ रोजी 'चाइल्ड ऑफ लाइट' हा छोटेखानी, द्विमितीय, परीकथेच्या धाटणीचा रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा, खेळ पंधरा डॉलरच्या आत विक्रीला ठेवला. २०१८ मध्ये तो निन्टेन्डो स्विच या कन्सोलवरही आला. दहा-बारा तासांत संपणारा हा खेळ आज हाती घेणाऱ्याला काय मिळते, एवढेच येथे पाहायचे आहे.

खेळामागची माणसे पाहिली तर नवल वाटावे. दिग्दर्शक पॅट्रिक प्लूर्द आणि लेखक जेफ्री योहॅलेम हे दोघेही याआधी 'फार क्राय ३' या बंदुकांच्या आणि रक्तपाताच्या खेळावर काम करून आलेले. त्या यशानंतर मिळालेली मोकळीक त्यांनी एका लहान मुलीच्या गोष्टीवर खर्च केली. १८९५ सालच्या ऑस्ट्रियातील एका ड्यूकची मुलगी ऑरोरा रात्री झोपते ती उठतच नाही. अंग थंडगार पडलेले पाहून बाप शोकाने अंथरूण धरतो. इकडे ऑरोराला जाग येते ती लेमुरिया नावाच्या अनोळखी प्रदेशात, जिथले सूर्य, चंद्र आणि तारे अंब्रा नावाच्या राणीने चोरून नेले आहेत. चोरीचा ऐवज परत मिळवायचा आणि बापाकडे परतायचे, एवढी सरळ कथा आहे. सावत्रपणाचे वळणही अपेक्षेप्रमाणे येते, पण ते कुठून येते हे सांगून नव्या खेळाडूचा विरस करण्यात अर्थ नाही.

चित्रांबद्दल मात्र हात आखडता घेऊन लिहिता येणार नाही. 'रेमन ओरिजिन्स' या खेळासाठी तयार झालेले युबिआर्ट हे इंजिन, म्हणजे खेळ उभारण्याचे सॉफ्टवेअर, येथे वापरले आहे. चित्रकाराने काढलेले चित्र जवळजवळ जसेच्या तसे खेळात उतरावे, हा त्याचा उद्देश. त्यामुळे लेमुरियाचे रान जलरंगात भिजलेले दिसते. कागदावर रंग पसरून कडा फिकट व्हाव्यात तशा दूरच्या टेकड्या विरत जातात आणि जवळच्या फांद्या गडद शाईने ओढल्यासारख्या वाटतात. या सगळ्यातून डोक्यापेक्षा मोठा मुकुट घातलेली आणि स्वतःच्या उंचीएवढी तलवार ओढत चालणारी ऑरोरा जाते, तेव्हा तिचे तांबडे केस पाण्याखाली असल्यासारखे मागे तरंगत राहतात. खेळाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच तिला पंख मिळतात, आणि उड्या मारत फळ्यांवरून जाण्याची नेहमीची कसरत तिथेच संपते. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. इतके देखणे जग समोर ठेवून खेळाडूला खड्ड्यांत पाडत राहणे हा करंटेपणाच ठरला असता.

लढाई हा या खेळाचा खरा गाभा. पाळीपाळीने वार करण्याची जपानी खेळांची जुनी पद्धत येथे घेतली आहे, पण तिला एक घट्ट पीळ दिला आहे. पडद्याच्या तळाशी एक आडवी पट्टी असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंच्या योद्ध्यांची चिन्हे डावीकडून उजवीकडे सरकत असतात. पट्टीच्या शेवटच्या तुकड्यात पोहोचल्यावर काय करायचे ते निवडायचे, आणि निवडलेली कृती प्रत्यक्ष घडेपर्यंत जो थोडा वेळ जातो, त्या वेळात फटका बसला तर ती कृती रद्द होऊन चिन्ह मागे फेकले जाते. हा नियम तुम्हाला लागू आहे तसा शत्रूलाही लागू आहे. झटपट होणारा हलका वार करावा, की वेळखाऊ पण जबर मंत्र टाकून धोका पत्करावा, हा हिशेब प्रत्येक पाळीला नव्याने मांडावा लागतो.

त्यात इग्निक्युलस नावाचा काजवा सोबतीला असतो. कंट्रोलरच्या उजव्या दांडीने त्याला स्क्रीनवर कुठेही फिरवता येते. शत्रूवर नेऊन प्रकाश सोडला की त्याचे चिन्ह मंदावते, आपल्या माणसावर नेला की जखम थोडी थोडी भरून येते. मात्र प्रकाशाचा साठा मोजका असल्याने तो कुठे उधळायचा आणि कुठे राखायचा, हे पाहावे लागते. समोर तीन शत्रू आहेत, एकाचे चिन्ह शेवटच्या तुकड्यात शिरते आहे, ऑरोराचा मंत्र अजून अर्ध्या वाटेवर आहे आणि काजव्याचा प्रकाश संपत आला आहे, अशा घडीला बोटे आणि डोके दोन्ही कामाला लागतात. एका वेळी रणांगणात दोघांनाच उतरवता येते, पण आपली पाळी आली की बाहेरचा साथीदार आत घेता येतो. त्यामुळे वीज पाडणारा फिन कधी आणि मार खाऊन उभा राहणारा ओएंगस कधी, हा विचार लढाईच्या मध्येही चालूच राहतो. मोठ्या स्टुडिओची शिस्त कुठे दिसत असेल तर ती येथे: पट्टीचा वेग, फटक्याचा आवाज, चिन्ह मागे फेकले जाण्याची झटक्यातली हालचाल, यांत कुठेही कच्चेपणा राहिलेला नाही.

हीच शिस्त संवादांत का दिसू नये, असा प्रश्न पडतो. खेळातील सगळी पात्रे यमकात बोलतात. चार ओळींचे कडवे, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक, ही जुन्या इंग्रजी बॅलडची, म्हणजे कथागीताची, घडण. कल्पना उत्तम, पण हात कच्चा. यमक गाठण्यासाठी शब्दांची ओढाताण होते, एक ओळ आखूड तर पुढची लांबलचक होते आणि साध्या निरोपालाही चार ओळींचा घोळ घालावा लागतो. शिवाय एकच कडवे दोन-तीन पात्रांत वाटून दिलेले असल्याने पहिल्या संवादफुग्यातला शब्द विसरायला झाल्यावर तिसऱ्या फुग्यात त्याचे यमक भेटते. ओव्या आणि आर्या ऐकत वाढलेल्या कानाला नुसते यमक पुरत नाही, त्याला चाल लागते, आणि ती येथे सतत अडखळते. अपवाद एकच, रुबेला ही विदूषकीण. तिला यमक जमतच नाही. ती दरवेळी नेमका चुकीचा शब्द वापरते आणि शेजारचे पात्र तिला जुळणारा शब्द सुचवते. या एका गमतीत लेखकाने स्वतःच्याच हट्टाची थट्टा केली आहे आणि ती झकास साधली आहे. बाकीचे संवाद मी अर्थापुरते वाचले.

दुसरी उणीव चढत्या ताकदीच्या हिशेबात आहे. पात्रांची पातळी जवळजवळ प्रत्येक लढाईनंतर वाढते, पण मिळणारी भर इतकी किरकोळ असते की काही काळाने ती निवडणे हे निव्वळ बटण दाबण्याचे काम उरते. ओक्युली नावाची रत्ने त्यापेक्षा बरी. माणिक तलवारीत बसवले तर वाराला आग येते, ढालीत बसवले तर आगीपासून बचाव होतो, आणि वेगवेगळी रत्ने एकत्र करून नवी घडवताही येतात. खेळात पैसा नाही आणि दुकानही नाही, हे मला आवडले. पण औषधांच्या कुप्या वाटेत इतक्या सापडतात की टंचाई कधी जाणवत नाही. त्यामुळे खेळ सोपा ठेवला तर लढाईतली सारी कसोटी वाया जाते. ज्याने याआधी असे दोन-चार खेळ खेळले आहेत त्याने सुरुवातीलाच कठीण पर्याय निवडावा.

संगीत कॅनडातील क्वेबेकच्या कर द पिरात या गायिकेचे आहे. पियानो आणि तंतुवाद्यांची ती मांडणी एकाकी रानाला शोभते, आणि मोठ्या शत्रूंच्या वेळी वाद्यवृंद चढतो तेव्हा लढाईचा ताण खरोखर वाढतो.

विकत घेण्याआधी दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संगणकावर, दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतला तरी, युबिसॉफ्टचे खाते आणि त्यांचा प्रोग्रॅम लागतो. मुख्यतः एकट्याने खेळायच्या इतक्या लहान खेळाला ही कटकट अनाठायी आहे, म्हणून जमत असेल तर कन्सोलवर घ्यावा. दुसरे असे की संवाद मराठीत किंवा हिंदीत नाहीत, पण दुसरा कंट्रोलर जोडला की काजवा दुसऱ्या खेळाडूच्या हाती देता येतो. इंग्रजी वाचता न येणारे सहा-सात वर्षांचे मूलही मग शेजारी बसून पेट्या उघडू शकते, शत्रूचे डोळे दिपवू शकते आणि ऐन वेळी आईची किंवा मामाची पाळी वाचवू शकते. घरात असे मूल असेल तर पंधरा डॉलरला हा खेळ स्वस्त आहे. एकट्याने खेळणाऱ्याने सवलतीच्या विक्रीपर्यंत थांबायला हरकत नाही.