सिंक तुंबल्यावर काय काय करून बघितलं, आठ महिन्यांनंतर

गेल्या आठ महिन्यांत आमचं किचनचं सिंक पाच वेळा आणि बाथरूमचं बेसिन दोन वेळा तुंबलं, त्यामुळे बाजारात मिळणारं आणि लोक सांगतात ते जवळपास सगळं करून झालंय. कुणाचे पैसे आणि वेळ वाचले तर वाचले म्हणून लिहितोय.

पहिल्या वेळी अर्थातच खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. फेस मस्त येतो, फसफस ऐकून वाटतं आत काहीतरी जोरदार चाललंय. पाणी मात्र जिथे होतं तिथेच. नंतर डोकं चालवलं तेव्हा कळलं की सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांनाच मारून मोकळे होतात, उरतं ते थोडं क्षार मिसळलेलं पाणी, आणि गॅस जातो वर, बोळा राहतो खाली. वास कमी करायला ठीक आहे, तुंबलेलं काढायला नाही. मी तीन वेळा केलं, तिन्ही वेळा शून्य.

गरम पाण्याचं जरा वेगळं आहे. पाणी हळूहळू जात असेल आणि कारण नुसता तेलाचा थर असेल तर गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड खरंच काम करतं, एकदा मला फायदा झालाय. पण उकळतं ओतू नका, पाईप पीव्हीसीचा असेल तर तो साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो आणि जॉइंट सैल होतात. शिवाय वितळलेलं तेल पुढे जाऊन गार झालं की तिथे परत थिजतं, म्हणजे अडचण दोन फूट पुढे ढकलली एवढंच.

आता पावडर, म्हणजे कॉस्टिक सोडा. ही चालते, खोटं कशाला बोलू. तेलाचा साबण करते, केस विरघळवते, बेसिन एकदा हिनेच मोकळं झालं. पण तिसऱ्या वेळी किचनमध्ये टाकली, पाणी उतरलं नाही, आणि मग लक्षात आलं की आता खाली पाईपभर जळजळीत पाणी साठलंय आणि तो पाईप उघडायचा मलाच आहे. प्लंजर (दांड्याला रबरी वाटी असलेला तो पंप) मारावा तर तेच तोंडावर उडायची भीती. शेवटी प्लंबरला बोलावलं, आत काय ओतलंय ते आधीच सांगितलं (हे सांगाच, लपवू नका), आणि त्याने जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पावडर पाण्यात पडली की स्वतःच तापते, कमी पाण्यात टाकली तर कधी कधी पाईपमध्येच दगडासारखी बसते, आणि ॲल्युमिनियमला तर लागूच द्यायची नाही, हायड्रोजन सुटतो. आणि एक केमिकल चाललं नाही म्हणून त्यावर दुसरं ओतणं तर अजिबात नको, ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू होतो, छोट्या बाथरूममध्ये तो चेष्टेचा विषय नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम महत्त्वाचा. पावडर आधी टाकली की बाकीचे सगळे सोपे उपाय धोक्याचे होऊन बसतात.

प्लंजर मी आधी मोडीत काढला होता, कारण मला तो मारताच येत नव्हता. बेसिनला वरच्या बाजूला जे छोटं भोक असतं ना, पाणी भरून वाहू नये म्हणून, ते ओल्या फडक्याने घट्ट बंद केलं नाही तर सगळा दाब तिकडून निघून जातो आणि आपण नुसता व्यायाम करतो. डबल सिंक असेल तर दुसऱ्या बाजूची जाळीपण दाबून धरायला कुणाला तरी उभं करा. रबर बुडेल एवढं पाणी हवं, आणि ढकलण्यापेक्षा ओढताना जोर हवा, बोळा मागेपुढे हलून सुटतो. हे कळल्यापासून बेसिन दोन मिनिटांचं काम झालं. केसांसाठी ती काटेवाली प्लॅस्टिकची पट्टीपण चांगली, फक्त जे बाहेर येतं ते जेवायच्या आधी बघू नका.

पण सगळ्यात भारी काय निघालं तर सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाईपला जोडलेला बाटलीसारखा भाग, उघडणं. खाली बादली ठेवायची, ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढायची, बस. चौथ्या वेळी उघडला तर आत पाण्याच्या बाटलीचं झाकण आडवं बसलेलं आणि त्याच्याभोवती पांढरा चिकट गोळा! म्हणजे आधीचे तीन महिने मी त्या झाकणाला सोडा, व्हिनेगर आणि पावडर पाजत होतो. परत लावताना वॉशर उलटा बसला आणि रात्रभर थेंब थेंब गळलं, कपाट भिजलं, ती चूक माझी. आता लावून झालं की जॉइंटखाली कोरडा टिश्यू ठेवतो, दहा मिनिटांत ओला झाला तर परत उघडायचं. ट्रॅपमध्ये थोडं पाणी राहतंच, ते तसंच हवं, त्यानेच गटाराचा वास वर येत नाही.

किचन आणि बाथरूम दोन्हीकडे एकदमच पाणी थांबलं तर मात्र ट्रॅप उघडून उपयोग नाही, अडचण पुढच्या एकत्र लाईनमध्ये असते. पाचव्या वेळी तसंच झालं, तेव्हा फिरवायची लांब स्प्रिंग आणली. भिंतीतल्या वळणावर अडली की जोर करायचा नाही, मागे घेऊन फिरवत परत पुढे, अर्धा तास गेला आणि खांदा दोन दिवस दुखला पण निघालं.

एन्झाईमवालं लिक्विड महिन्यातून एकदा रात्री ओततो, तुंबलेलं ते काढत नाही, थर साचू नये म्हणून आहे, आणि त्याचा खरंच किती फायदा होतोय ते मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण त्याच आठवड्यात मी बारीक भोकांची जाळीपण बसवली.