ऑल-टेरेन टायर, १९,००० किलोमीटरनंतर: बर्फ, पाऊस आणि खाचेतली खडी

नोव्हेंबर २०२५ मधल्या एका सोमवारी सकाळी मुलुंडहून कामावर निघताना माझ्या स्कॉर्पिओचा मागचा डावा टायर बसलेला दिसला. हवा भरून गाडी कशीबशी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चाक काढून पाण्यात फिरवले, तेव्हा बुडबुडे नक्षीच्या एका खाचेच्या अगदी तळातून येत होते. खिळा नव्हता, स्क्रू नव्हता. पकडीने ओढल्यावर हाती आला तो हरभऱ्याएवढा, तिन्ही बाजूंनी धारदार असा काळ्या खडीचा तुकडा. तेरा महिन्यांपूर्वी ११,८०० रुपयांना घेतलेला टायर त्या तुकड्याने आतल्या पोलादी तारांपर्यंत पोखरला होता, तारांना गंज चढला होता आणि तिथूनच हवा झिरपत होती. काका म्हणाले, "पॅच मारून देईन, पण हा टायर घेऊन हायवेला जाऊ नका." हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

हे टायर मी ऑक्टोबर २०२४ मध्ये हिवाळ्यासाठी म्हणून घेतले होते. दादा चंदीगडला असतो. डिसेंबरच्या सुट्टीत त्याच्याकडे जाऊन तिथून सगळ्यांनी मनालीला जायचे ठरले होते. गाडी २०१८ ची, कंपनीने दिलेले हायवे टायर सहा वर्षांचे आणि जवळजवळ गोटे झालेले. दादाने फोनवर बजावले, "त्या टायरांवर एवढ्या लांब येऊ नकोस, आधी टायर बदल." हायवे टायर घ्यावेत की ऑल-टेरेन, म्हणजे रुंद खाचांचे, रस्त्यासोबत कच्च्या वाटेवरही चालणारे, यावर मी तीन आठवडे घालवले. मूळ माप २३५/६५ आर १७ तेच ठेवले. त्याहून रुंद २४५/६५ घेतल्यास गाडी रुबाबदार दिसते हे खरे, परंतु चाकाचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे काटा ८० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ८१ च्या पुढे असतो आणि रबराचे वजन वाढते ते वेगळेच. दिसण्यासाठी डिझेल जाळणे मला पटत नाही.

बाजूच्या भिंतीवरचे एक चिन्ह मात्र मी आग्रहाने पाहून घेतले. पुष्कळ ऑल-टेरेन टायरांवर 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे असतात, पण ती नक्षीच्या ठेवणीवरून निर्माता स्वतःच छापतो, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरे आणि त्यांत हिमकण असे चिन्ह असलेला टायर बर्फावर पकड घेण्याच्या ठरावीक चाचणीत उतरलेला असतो. माझ्या टायरांवर ते चिन्ह होते आणि त्यापायी मी प्रत्येक टायरमागे दीड हजार रुपये जास्त मोजले. स्टेपनी धरून पाच टायरांचे ५९,००० रुपये झाले. त्या वेळी त्यात २८ टक्के जीएसटी होता, जो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. वर्षभर थांबलो असतो तर याच भावात सुमारे ४,६०० रुपये वाचले असते. गोट्या टायरांवर थांबणे शक्य नव्हते, तरी तो आकडा मला अजून टोचतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मनालीला बर्फ पडला आणि सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी आमची गाडी थांबवली. अटल बोगद्याच्या दिशेने फक्त फोर बाय फोर गाड्या सोडल्या जात होत्या आणि माझी स्कॉर्पिओ मागच्या दोनच चाकांवर चालणारी आहे. मी उतरून टायरवरचे चिन्ह दाखवले. हवालदारांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले की टायर चांगले आहेत, पण ढकलणारी चाके दोनच आहेत. त्यांचे बरोबर होते. शेवटी स्थानिक टॅक्सी करून बोगदा पाहिला. मनालीतल्या ज्या चढावर ताजा, भुसभुशीत बर्फ होता तिथे गाडी न घसरता चढली, हे मी मान्य करतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या उतारावर बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, त्या काचेसारख्या थरावर पहिल्या गिअरमध्येही गाडी हातभर सरकली. तिथे चाकांना बांधायची साखळीच लागते. ऑल-टेरेन नक्षीच्या भरवशावर कोणी साखळी घरी ठेवू नये, हे मी कळकळीने सांगतो.

त्या प्रवासात हवेचा एक धडाही मिळाला. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधल्या हवेचा दाब साधारण १ पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) कमी होतो. मुंबईत ३० अंशांत भरलेली हवा मनालीत शून्याच्या आसपास कमी दिसली आणि मी उगाचच पंक्चर शोधत बसलो. तिथे पुन्हा हवा भरली, तर परतीच्या वाटेवर राजस्थानात ती कमी करावी लागली. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी.

जानेवारीत परतल्यावर माझे मत स्पष्ट होते: पैसे वाया गेले. बर्फ चार दिवसांचा आणि उरलेले वर्षभर मुलुंड ते अंधेरी. पूर्व द्रुतगती महामार्गावर साठच्या वेगाला घुमणारा आवाज येऊ लागला होता, आडव्या रेघा असलेल्या काँक्रीटवर तर तो अधिकच वाढतो. सरासरीही घसरली. वहीतल्या माझ्या नोंदींप्रमाणे आधी लिटरला १३.२ किलोमीटर मिळत होते, ते १२.३ वर आले. १९,००० किलोमीटरला हा फरक सुमारे १०५ लिटर भरतो, म्हणजे ९० रुपयांच्या भावाने साडेनऊ हजार रुपये. हा खर्च दुकानात कोणी सांगत नाही.

मग पावसाळा आला आणि माझे मत बदलले. २०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला, इतक्या लवकर आल्याची पूर्वीची नोंद नाही. १८ आणि १९ ऑगस्टला शहर तुंबले, त्या दोन्ही दिवशी मी गाडी घेऊन बाहेर होतो. साचलेल्या पाण्यातून जाताना जुन्या हायवे टायरांवर स्टिअरिंग क्षणभर हलके व्हायचे, ते या टायरांवर एकदाही झाले नाही. टायर नवे होते, दहा मिलिमीटर खोल खाचा होत्या, त्यामुळे हे श्रेय नक्षीचे किती आणि नवेपणाचे किती ते मी वेगळे करू शकत नाही. मात्र पाण्याखाली न दिसणाऱ्या खड्ड्यांत चाक आपटल्यावर बाजूच्या भिंतीला फुगा येण्याचा जो प्रकार जुन्या टायरांवर दोनदा घडला होता, तो या जाड भिंतीमुळे टळला, असे मला वाटते. गणपतीला गुहागरला गेलो तेव्हा घराकडे उतरणारी जांभ्याची चिखलट वाट परतताना गाडी पहिल्याच प्रयत्नात चढली. दर वर्षी तिथे गाडी वरच ठेवून सामान डोक्यावर न्यावे लागत असे. या वर्षी आई अंगणापर्यंत गाडीतून आली. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे हा फायदा मी पैशांत मोजणार नाही.

आता खडीविषयी, कारण माझ्या मते मुंबईत ऑल-टेरेन टायर घेणाऱ्याने सर्वांत आधी हीच गोष्ट पाहावी. शहरात गेली दोन-तीन वर्षे जागोजागी रस्त्यांचे काँक्रिटीकरण चालू आहे. जिथे काम चालू असते तिथे कडेला खडी सांडलेली असते आणि वळवलेली वाहतूक तिच्यावरूनच जाते. ही खडी काळ्या पाषाणाची, फोडलेली, टोकदार असते. हायवे टायरच्या अरुंद खाचेत ती सहसा शिरत नाही. ऑल-टेरेनच्या रुंद खाचेत ती सहज शिरते, आणि खाचेच्या भिंती सरळ उभ्या असतील तर बाहेर पडत नाही. गाडीचा भार चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तिला तळाकडे दाबत राहतो. चांगल्या रचनेत खाच वर रुंद आणि खाली निमुळती असते आणि तळाशी रबराचे बारीक उंचवटे ठेवलेले असतात, ते खडीला तळापर्यंत टेकू देत नाहीत, उलट बाहेर ढकलतात. माझ्या टायरांत हे उंचवटे फक्त मधल्या खाचांत आहेत, कडेच्या खाचांत नाहीत. भोक पडले ते कडेच्या खाचेतच.

कंपनीकडे दावा केला. आठ दिवसांनी त्यांचे तंत्रज्ञ कुर्ल्याच्या दुकानात आले, त्यांनी खाचांची खोली मोजली, फोटो काढले आणि कागदावर 'बाह्य वस्तूमुळे इजा, वॉरंटीत बसत नाही' असे लिहिले. नियम तसाच आहे, तो मी वाचलेला होता. तरीही मी त्यांना विचारले की जी खाच खडी धरून ठेवते ती रचना कोणाची? त्यांचे उत्तर होते, "साहेब, खडी काढत राहणे हे वापरणाऱ्याचे काम." हे काम वापरणाऱ्याचेच असेल तर ते विकताना सांगायला हवे होते. बिलासोबत मिळालेल्या पत्रकात डोंगर, वाळू, चिखल यांची चित्रे आहेत, खडीविषयी एक ओळही नाही. एवढी चीड मला साडेनऊ हजारांच्या डिझेलचीही आली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी चपटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. पुढची चाके स्टिअरिंग पूर्ण वळवून दिसतात, मागच्या चाकांसाठी गाडी अर्धा फेरा पुढे घ्यावी लागते. हत्यार तळात खुपसायचे नाही, खडीच्या बाजूने सरकवून तिला उचकटायचे आणि चष्मा लावून बसायचे, कारण तुकडा उडतो. पहिल्या रविवारी एकट्या मागच्या उजव्या टायरमधून ४३ खडे निघाले. खिळा दिसला तर तो घरी उपटू नये, तसाच ठेवून पंक्चरवाल्याकडे जावे.

बाकी झिजेबाबत तक्रार नाही. स्टेपनी धरून पाचही चाकांच्या जागा मी दर पाच-सहा हजार किलोमीटरला आलटून-पालटून बदलत आलो, त्यामुळे सर्वांची खोली ७.४ मिलिमीटरच्या आसपास सारखी आहे. फुटलेल्या टायरच्या जागी स्टेपनी गेली तेव्हा मागच्या दोन चाकांत फरक पडला नाही, हा या शिस्तीचाच फायदा. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, परंतु मुंबईच्या पावसात मी ३ च्या खाली जाणार नाही. त्या हिशोबानेही हे टायर एकूण पन्नास हजार किलोमीटर जावेत.

स्टेपनीसाठी मागच्या आठवड्यात एक नवा टायर घेतला, तोच, कारण उरलेल्या चारांशी जुळायला हवा. नव्या करामुळे तो १०,८८० रुपयांना पडला. दुकानदाराने आधी काढून दिलेल्या टायरवर '०८२४' हा आकडा होता, म्हणजे २०२४ च्या आठव्या आठवड्यातला माल. तो मी परत केला. दुसरा '३६२५' चा निघाला. मोबाइलचा दिवा लावून मी त्याच्या कडेच्या खाचा बोटाने चाचपल्या. उंचवटे तिथे अजूनही नाहीत.