समरीची नोटीस: कागद मिळतो, कारण शोधावं लागतं

तपास झाला पण खटला उभा राहणार नाही, हे फिर्यादीला कळवण्याची आपल्याकडची सोय म्हणजे समरीची (तपास बंद करण्याच्या पोलिसांच्या अहवालाची) नोटीस. कायद्याची बाजू भक्कम आहे. समरी मंजूर करण्याआधी मॅजिस्ट्रेटनं फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं भगवंत सिंग प्रकरणात 1985 सालीच सांगून ठेवलंय. कारण देण्यात मात्र ही सेवा कच्ची. हातात पडतं ते साधारण असं: ‘सदर गुन्ह्यातील आरोपी मिळून येत नसल्याने अ समरी मंजुरीस सादर’. जबाब कुणाचे घेतले, सीसीटीव्ही फुटेज मागवलं का, याबद्दल अवाक्षर नाही.

म्हणून आधी अक्षर बघा. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. (गाडीचोरीत विमा कंपनी हाच कागद मागते, तिथं तो चक्क उपयोगी.) ‘क’ म्हणजे तक्रार ना खरी ना खोटी, गैरसमज किंवा दिवाणी वाद. ‘ब’ आली तर सावध व्हा. तक्रार जाणूनबुजून खोटी, असा तिचा अर्थ, आणि उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

खरी कारणं समरीसोबतच्या कागदांत असतात. कोर्टात नकलेचा अर्ज करून अहवाल, जबाब आणि पंचनामे मागा, मगच प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे समरीला हरकत घेणारा अर्ज, लिहा. ‘पोलीस विकले गेले’ असल्या वाक्यांचा उपयोग शून्य. अमुक साक्षीदाराचा जबाब नाही, तमुक नंबरचा सीडीआर (फोनकॉलची नोंद) मागवला नाही, असं मुद्देवार लिहिलं तर पुढील तपासाचा आदेश मिळण्याची शक्यता वाढते. पिटिशन खासगी तक्रार म्हणून घेतली गेली, तर शपथेवर जबाब द्यावा लागतो, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीचंही ऐकलं जातं. म्हणजे तारखा वाढल्या.

मोठी उणीव अशी, की नोटिशीचा हक्क फिर्यादीचा. फिर्याद दुसऱ्यानं दिली असेल, तर जखमी माणूस किंवा मयताचे नातेवाईक कोर्टात जाऊन म्हणणं मांडू शकतात, पण त्यांना नोटीस देणं बंधनकारक नाही. त्यांनी 90 दिवसांत तपासाची प्रगती कळवण्याच्या, त्याच संहितेतल्या कलम 193चा हवाला देत ठाण्यात लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

कायद्याला चार तारे, अंमलबजावणीला दीड.